चैत्रांगणातली फणी आधी का पुसली जाते?

प्रश्न : चैत्रगौरीपुढच्या चैत्रांगणांचे १८० फोटो जमवलेत. एआयला ती शिकवायची, मग त्याच्याच चित्रांवर त्याला पुन्हा पुन्हा शिकवून चिन्हं कशी गळतात ते प्रदर्शनात दाखवायचं, असा बेत आहे. पण पहिल्याच फेरीत अर्धी स्वस्तिकं उलटी आली, शिवाय रांगोळीत फरशीच्या रेघा! – एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा ‘फ्लिप ऑगमेंटेशन’ चालू राहिलंय. त्यात फोटो अधूनमधून आरशातल्यासारखे उलटवून शिकवले जातात. मांजराला ते चालतं. स्वस्तिकाला आणि शंखाला नाही. बंद करा.

फरशीच्या रेघा म्हणजे एकाच अंगणाचे फोटो जास्त झाले, किंवा मॉडेल घोकंपट्टीला लागलं. एका अंगणाचे पाचच ठेवा. तिरके फोटो आधी सरळ करा, नाहीतर वर्तुळं लंबगोल शिकली जातील. मग १०२४ पिक्सेलचे चौकोन कापा. एसडीएक्सएल या चित्रं काढणाऱ्या तयार मॉडेलवर लोरा, म्हणजे त्याला जोडायची छोटी पुरवणी, शिकवताना रँक (पुरवणीचा आकार) १६ आणि लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) ०.०००१ पासून सुरुवात करा. शिकवण्याच्या दर ३०० पायऱ्यांना लोराची प्रत जपा. रेघा दिसू लागल्या की आधीची प्रत घ्या. फोटोखालची वर्णनं इंग्रजीत लिहा, कारण या मॉडेलला देवनागरी जवळजवळ कळत नाही.

आता गळतीचं. पहिल्या फेरीतून १८० चित्रं काढा आणि दुसरी फेरी फक्त त्यांच्यावर, कोऱ्या मूळ मॉडेलपासून शिकवा. अशा पाच फेऱ्या करा. सीडचे आकडे, म्हणजे प्रत्येक चित्राची सुरुवात ज्यावरून होते ते, आधीच ठरवा. चांगली चित्रं निवडायचा मोह होईल, पण मग गळतीत तुमचीच आवड मोजली जाईल. स्वस्तिक जवळजवळ प्रत्येक फोटोत असतं, फणी-करंडा मोजक्यांतच. दर फेरीत दुर्मीळ चिन्हाचे नमुने आणखी घटतात, म्हणून ते आधी जातं. याला ‘मॉडेल कोलॅप्स’ म्हणतात. २०२४ साली ‘नेचर’मध्ये त्यावर शोधनिबंध आला होता. तेव्हा प्रत्येक फेरीत प्रत्येक चिन्ह किती चित्रांत आलं, ते हातानेच मोजा. तुलनेसाठी दुसरी मालिका चालवा, तिच्यात मूळ फोटो दरवेळी मिसळा. तिथे गळती बरीच मंदावते.

एक खोट राहतेच. मूळ मॉडेलने जगभरची मंडलं पाहिलेली असतात, त्यामुळे विस्कळीत चैत्रांगणही हळूहळू गोल, सममित होत जाईल. ते लपवू नका. आमच्या मते प्रदर्शनातलं सर्वांत बोलकं तेच.

प्रश्न : गोपद्मं सांगितली तेवढी येत नाहीत. – त्याच वाचक

उत्तर : येणार नाहीत. ही मॉडेलं मोजत नाहीत, जागा भरतात.

मांडणीत मूळ फोटोही लावा, प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली चिन्हांची चिठ्ठी. ॲना रिडलर या ब्रिटिश कलाकर्तीने २०१८ मध्ये ट्यूलिपचे हजारो फोटो असेच हाताने नावं लिहून भिंतीवर मांडले होते. पाचव्या फेरीतलं चित्र मात्र छापू नका. गेरूवर पांढऱ्या रांगोळीने काढून घ्या, आणि काढणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा की तुटलेली रेघ जोडायची नाही. हात आपोआप जोडतो.