सेट बिट मोजण्याची सर्वांत वेगवान पद्धत कोणती?

मुलाखतीत संख्येतले सेट बिट, म्हणजे तिच्या बायनरी रूपातले १, मोजणारा साधा लूप लिहिल्यावर ‘यापेक्षा वेगवान येत नाही का?’ असे विचारले गेले, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. माझ्या मते वेगाआधी संख्या साइन्ड (उणेही होऊ शकणारी) आहे की अनसाइन्ड (कधीच उणे न होणारी), हे विचारायला हवे.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी कंट्रोल पॅनेलचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतच चालणारे सॉफ्टवेअर, लिहीत असे. एका पॅनेलचे सोळा अलार्म सोळा बिटांच्या एका व्हेरिएबलमध्ये साठवून, त्यांपैकी किती चालू आहेत हे डिस्प्लेवर दाखवायचे होते. आमच्या वरिष्ठांनी साइन्ड इंट घेऊन, ती शून्य होईपर्यंत उजवीकडे सरकवत नेणारा लूप लिहिला होता. सोळावा अलार्म चिन्हाच्या बिटात असल्याने तो आला की संख्या उणे होईल, आमचा कंपायलर सरकवताना डावीकडून १ हाच बिट भरत राहील आणि उणे एकवर अडकलेला लूप कधीच थांबणार नाही, हे मी कोड वाचतानाच सांगितले होते. ‘सोळावा इनपुट कोणी जोडत नाही,’ असे उत्तर मिळाले. ग्राहकाने तो जोडला. तापमानाचा अलार्म आला की वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की यंत्र पुन्हा सुरू करणारा टायमर) पॅनेल रीसेट करी, अलार्म कायम असल्याने पुन्हा तेच होई, आणि नेमका गरजेच्या वेळी ऑपरेटरसमोर कोरा डिस्प्ले असे. बैठकीत खापर पॉवर सप्लायवर फोडले गेले, याचा मला आजही राग आहे.

मी सुचवलेली दुरुस्ती अशी होती: अनसाइन्ड संख्या घ्यावी आणि तिचे तिच्याहून एकने लहान संख्येशी अँड (दोन्हींत १ असेल तिथेच १ ठेवणारी क्रिया) करत जावे, म्हणजे दर फेरीला सर्वांत उजवीकडचा सेट बिट पुसला जातो. ४४ म्हणजे १०११००. ४४ आणि ४३ चे अँड ४०, ४० आणि ३९ चे ३२, ३२ आणि ३१ चे शून्य. तीन बिट, तीनच फेऱ्या. ही पद्धत सी भाषेवरच्या पुस्तकाचे सहलेखक ब्रायन कर्निगन यांच्या नावाने शिकवतात, पण संगणकशास्त्रज्ञ पीटर वेग्नर यांनी ती १९६० मध्येच प्रसिद्ध केली होती.

पीसीवर मात्र कंपायलरचे बिल्ट-इन फंक्शनच वापरावे, कारण इंटेलच्या २००८ च्या नेहालेम पिढीपासून पॉपकाउंट ही सेट बिट मोजणारी सूचना प्रोसेसरमध्येच आहे. जीसीसी या कंपायलरला तिच्यासाठी योग्य स्विच द्यावा लागतो, नाहीतर तो लायब्ररीतले फंक्शन वापरतो. मुलाखत घेणाऱ्याला आधी टाइप विचारा. त्याला तो प्रश्न फालतू वाटला, तर तिथे नोकरी करू नका.

एक राहिले: पायथनमध्ये उणे संख्येवर वरील अँडची युक्तीही थांबत नाही, म्हणून तिथे आधी बत्तीस बिटांचा मास्क लावावा, म्हणजे खालचे बत्तीस बिटच ठेवावेत.