मुलगी नववीत, मुलगा तिसरीत आणि जर्मनीचं बोलावणं

भाऊ, तुम्ही लिहिलंत की घर दारव्हा तालुक्यात, नोकरी बुटीबोरीत वेल्डरची, जर्मनीतल्या कंपनीने विचारणा केली आहे, आणि दोन्ही लेकरांच्या करिअरचं काय होईल याचा घोर लागलाय. मी दिग्रसची, आता जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात राहते. व्हिसा, पगार, विमा हे एजंट सांगेलच; २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कामगारांचा करार केल्यापासून आपल्याकडे एजंटांना तोटा नाही. मी पोरांचंच बोलते.

आधी मुलाचं, कारण आमची मुलगी बव्हेरियात आली तेव्हा तिसरीतच होती. आपल्याला वाटतं, लेकरू लहान आहे, शिकेल. पण इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाटणी होते. बव्हेरियात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे नेणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. नाहीतर मिटेलशूले, म्हणजे मुख्यतः कामधंद्याच्या प्रशिक्षणाकडे नेणारी शाळा. (इथे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट. सासूबाई बरेच दिवस ‘४ मिळाले’ ऐकून खूश व्हायच्या.) बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये हीच वाटणी सहावीनंतर होते. म्हणून पगाराआधी कंपनी कुठल्या राज्यात आहे ते विचारा.

आमच्या पोरीला गणित येत होतं, गणितात विचारलंय काय ते कळत नव्हतं. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, हुशार आहे, पण भाषा कच्ची, मिटेलशूलेच बरी. मी मान डोलावून घरी आले. दहा वर्षांच्या पोरीचा निकाल लावून टाकला, हे अजून घशाखाली उतरत नाही. मिटेलशूलेतूनही दहावी करून पुढे फाखओबरशूले (दहावीनंतरची व्यवसायाकडे झुकलेली शाळा) आणि मग उच्च शिक्षण घेता येतं, हे खरं. त्या दिवशी ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, हेही खरं.

नववीत मात्र इथे एक फार चांगली गोष्ट झाली. मुलांना दोन आठवडे खऱ्या कामाच्या ठिकाणी धाडतात आणि जागा त्यांनीच अर्ज करून मिळवायची असते. हिने कृत्रिम हातपाय बनवणारं वर्कशॉप गाठलं. संध्याकाळी केसांत प्लास्टरची पूड घेऊन यायची. एकदा माझंच पाऊल ओल्या पट्ट्यांत गुंडाळलं, वाळल्यावर साचा उलटा करून टाचेच्या खड्ड्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, “आई, तू बाहेरच्या बाजूने झिजवतेस.” पुढे तेच शिकली. तीन वर्षं, कधी वर्कशॉप, कधी शाळा, दर महिन्याला पगार. आता ती पाय बनवते. दिग्रसहून फोनवर विचारतात, “पोट्टी काय करून राह्यली?” मी सांगते, मेडिकल लाइनमध्ये आहे. असं का सांगते ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या गल्लीत डॉक्टर, इंजिनिअर आणि ‘तयारी करून राह्यला’ एवढे तीनच धंदे.

आता तुमची मुलगी. आत्ता आणलंत तर आधी भाषेच्या वर्गात बसेल, आणि या वयात गिम्नाझियम गाठणं महाकठीण. मी असते तर बारावी तिथेच होऊ दिली असती. पण मग १८ पूर्ण झाल्यावर ती तुमच्या मागे येऊ शकत नाही. विद्यार्थी म्हणून यायचं तर वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवा, आणि नुसत्या बारावीवर बहुधा आधी स्टुडिएनकोलेगचं, म्हणजे विद्यापीठाच्या तयारीचं एक वर्ष. नाहीतर पगारी प्रशिक्षण. त्याला जर्मन भाषेची कागदावर बी १ पातळी आणि प्रत्यक्षात त्याच्या वरची बी २ लागते. तोवर तुम्ही आणि मुलगा इथे, मायलेकी तिथे. सोपं नाही, मी सोपं म्हणणारही नाही.

पण कुठेही राहो, दहावीनंतर डोळे मिटून सायन्स आणि अकोल्याला नीटचा क्लास एवढ्यावर तिचं नियोजन संपवू नका. दिवाळीच्या सुट्टीत ओळख काढून तिला दोन आठवडे कुठेतरी बसवा. जनावरांच्या दवाखान्यात, जिनिंगच्या काट्यावर, एखाद्या वकिलाकडे. काय आवडत नाही एवढं कळलं तरी पुष्कळ.

एक कागदाचं, कारण अजून डोकं फिरतं. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात मुलीचं आणि बापाचं नाव एकत्र छापलेलं. इथे ती दोन्ही तिचीच नावं झाली. शाळेच्या निकालावर आधी ती, मग तिचा बाप. बदलायला गेलो तर म्हणे जन्मदाखला आणा. दाखला सासरच्या ग्रामपंचायतीचा, त्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं. प्रतिज्ञापत्र केलं तर त्याचं अधिकृत भाषांतर हवं, भाषांतरात तालुकाच चुकला. सोडून दिलं. तुम्ही जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, तेही मुलीचा दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. तान्ह्या पोळ्याला जास्त असतो. त्यापायी कुणी परत गेलेलं मी पाहिलं नाही.

मुलाची जर्मन मात्र आजपासून सुरू करा, तिकिटाची वाट बघू नका. राज्याचं नाव कळलं की कळवा. तिथले चौथीचे नियम वाचून सांगते.