खाणकामगारांच्या युनियन-सुधारणेचे फोटो पाहायला कुठून सुरुवात करावी?

माझं उत्तर: अमेरिकन छायाचित्रकार अर्ल डॉटर. अमेरिकेतल्या खाण युनियनचा अध्यक्ष टोनी बॉइल याला निवडणुकीत आव्हान देणाऱ्या जॉक याब्लॉन्स्कींची १९६९च्या अखेरीस पत्नी आणि मुलीसह हत्या झाली. पुढे त्याच गुन्ह्यात बॉइल दोषी ठरला. कामगारांनी मात्र माघार घेतली नाही. 'मायनर्स फॉर डेमोक्रसी' ही आघाडी उभारून १९७२ मध्ये त्यांनी आर्नल्ड मिलरना निवडून आणलं. मिलर स्वतः कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेले खाणकामगार! डॉटरने ही मोहीम टिपली, मग युनियनच्या मासिकासाठी काम केलं. अमेरिकेतल्याच स्कोशिया कोळसा खाणीतल्या दुर्घटनेत १९७६ मध्ये २६ जणांचा जीव गेला, त्यानंतरचे त्याचे फोटो जरूर बघा. त्यात माणसांची बाजू घेतलेली स्पष्ट दिसते, आणि मला तेच मोलाचं वाटतं.