ट्रेकर्ससाठी खिशातला चाकू किंवा मल्टिटूल डिझाइन करायचंय, सुरुवात कुठून करू?

डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी 14 हत्यारांचं मल्टिटूल करायचंय आणि स्टील कुठलं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात उद्यमनगरात प्रेस टूल बनवतो आणि पावसाळ्यात जमेल तेव्हा डोंगर गाठतो. माझं मत विचाराल तर 14 मधली 10 आधी खोडा, मग स्टीलचं बोलू.

स्विस सैन्यानं 1891 मध्ये घेतलेल्या चाकूत चारच गोष्टी होत्या : पातं, स्क्रू-ड्रायव्हर, डबा फोडायची उघडणी आणि टोच्या. शिपायाला रायफल खोलायची होती आणि डब्यातलं खायचं होतं, बस्स. पक्कडवालं मल्टिटूल आणणाऱ्या टिम लेदरमनला 1975 मध्ये युरोपात फिरताना जुन्या फियाटची दुरुस्ती करावी लागायची. खिशात चाकू होता, पक्कड नव्हती. त्यातून 1983 मध्ये त्याची मल्टिटूलची कंपनी उभी राहिली. दोन्हीकडे काम आधी होतं, हत्यार नंतर आलं.

आपल्याकडचं काम काय? जुलैत पन्हाळा–पावनखिंड करणाऱ्यांच्या मागं एकदा चालून बघा. सुतळी कापणं, कांदा चिरणं, बुटाचा सोल निघाला की भोकं पाडून बांधणं, काटा काढणं. म्हणजे पातं, टोच्या, बारीक टोकाचा चिमटा आणि फार तर छोटी पक्कड. बुचकाढणी कशाला? आणि करवत तर नकोच, गडावरची झाडं तोडायला कारण मिळतं.

आता खरी मेख पिव्हटची, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं त्या सांध्याची. पातं कितीही भारी असो, सांध्यात खेळ असेल तर ते खुळखुळ्यासारखं वाजणार. भोक ड्रिलवर सोडू नका, रीमर (भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करणारं हत्यार) फिरवा. पाठीच्या स्प्रिंगवर चालणारा साधा चाकू करणार असाल तर पातं उघडं, अर्धं आणि मिटलेलं, तिन्ही ठिकाणी स्प्रिंग पाठीशी सपाट बसली पाहिजे. हे ड्रॉइंगवर सोपं दिसतं, पण सगळा वेळ इथंच जातो. शिवाय अशा चाकूला लॉक नसतं. टोचताना जोर दिला तर पातं मिटून बोटांवर येतं, म्हणून टोच्या वेगळा ठेवा किंवा लायनर लॉक करा, म्हणजे आतली पट्टी सरकून उघडं पातं अडवून धरते.

दुसरं म्हणजे चिखल. जांभ्याचा लाल चिखल सांध्यात शिरला की वाळून पातं जाम होतं. रिव्हेट मारून बंद केलेला चाकू धुणार कसा? पाठ शक्य तेवढी उघडी ठेवा आणि पिव्हटला स्क्रू द्या. त्याची खाच रुपयाच्या नाण्यानं फिरेल एवढी रुंद करा. टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा) पाना गगनबावड्याच्या वाटेवर कोण देणार!

स्टील. आपल्या गल्लीत एचसीएचसीआर आणि ओएचएनएस या डाय-पंचाच्या टूल स्टीलचे तुकडे सहज मिळतात, म्हणून मुलं तेच उचलतात. ओएचएनएसची धार झकास, पण एका पावसात तांबूस होतं. एचसीएचसीआरमध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं, तरी त्यातलं बरंच कार्बनला चिकटून बसतं, त्यामुळं गंजाचे ठिपके येतातच. वर डोंगरात दगडावर धार लावायची म्हणजे हात मोडतात. 420 जातीचं कडक होणारं स्टेनलेस घ्या आणि हार्डनेस 56 एचआरसीच्या (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) आसपास ठेवा. धार लवकर जाईल, पण लवकर परतही येईल. 304 स्टेनलेसची पत्री घेऊ नका, ती कितीही तापवून विझवली तरी कडक होत नाही. हार्डनिंगला पाठवण्याआधी धारेच्या कडेला अर्धा मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवा, नाहीतर पातं वाकडं होऊन येईल.

बटण दाबून उघडणाऱ्या पात्याच्या नादाला लागू नका. खटक्याचा चाकू म्हटलं की पोलिसांची नजर बदलते, आणि ट्रेकला त्याचा उपयोगही नाही. पात्याची लांबी 7 सेंटिमीटर पुष्कळ झाली.

पहिला नमुना स्टीलचा नको. अ‍ॅक्रिलिकची पत्री लेझरवर कापून घ्या, पिव्हटला साधा बोल्ट घाला, बोटांना तेल लावा आणि नखानं पातं उघडून बघा. घसरलं तर पात्यावरची नखाची खाच पुढं सरकवा, पुन्हा कापा. हे जमल्यावर स्टील कापायला वायरकटवाल्याकडं (तारेच्या ठिणगीनं स्टील कापणाऱ्याकडं) जा.