वाचक विचारतात : एवढ्या पहाटे पुलावर कोण जातं?

प्रश्न : सकाळी सातच्या बातम्यांत निपाणीकडचा पाण्याखाली गेलेला बंधारा दिसतो. इतक्या लवकर तिथं कोण पोचतं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : बहुतेकदा माझ्यासारखा स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा माणूस. मी बेळगावातून एका मराठी वाहिनीला बातम्या पाठवतो. दूधगंगा-वेदगंगा चढल्या की अंधारातच निपाणीची वाट धरायची. उजाडल्याबरोबर पाणी, बॅरिकेड, अडलेली दुधाची गाडी टिपायची, तीही मोबाईल आडवा धरून. उभा धरलात की डेस्कवरून शिव्या! एखाद्या गावकऱ्याचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे दोन शब्द, घ्यायचा आणि रेंज मिळेल तिथं गाडी थांबवून सगळं पाठवायचं.

तिकडे मुंबईत रात्रपाळी जागीच असते. कॉपी एडिटर मजकूर लिहितो, व्हिडिओ एडिटर दृश्यं कापतो, प्रोड्यूसर रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लावतो. अँकर तोवर मेकअपला. खरं सांगू का, सातच्या बुलेटिनमधलं बरंचसं रात्रीचंच असतं, शब्द तेवढे फिरवलेले. कोयना धरणाचा विसर्ग वाढला की कृष्णाकाठच्या चिकोडी-अथणी तालुक्यांच्या बातम्या क्रमात वर सरकतात. एरवी सीमाभागाला वेगवान बातम्यांत वीस सेकंद मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं. मानधनाचं मात्र विचारू नका.