सासूबाईंच्या आडून नको

पत्र: मी मूळची साताऱ्याची, सहा वर्षं व्हॅलेन्सियात राहते. नवरा स्पॅनिश, नर्स आहे. चार वर्षांची पदवी घेऊनही त्याला दोन-तीन महिन्यांची बदली कामंच मिळतात. आता जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात कायमची नोकरी चालून आलीये. सासूबाईंच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. त्यांचे वडील १९६० च्या दशकात तिकडच्या कारखान्यात गेले होते. "ते शिकलेले नव्हते म्हणून गेले. मग याला कशाला शिकवलं?" म्हणतात. त्यांच्यासाठी तरी याला थांबवू का? मलाही आता पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसायचा कंटाळा आलाय.

अगं, तुझं शेवटचं वाक्य पहिलं यायला हवं होतं!

भाजीवाल्याशी हुज्जत घालण्याइतकं स्पॅनिश यायला तुला किती वर्षं लागली असतील, ते तुझं तुला ठाऊक. आता जर्मन म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पण ते त्याला तुझ्या तोंडून कळू दे. सासूबाईंचं रडू पुढे करून नको.

त्यांचं दुःख खोटं नाही. स्पेन आणि जर्मनीत १९६० साली कामगारांचा करार झाला, तेव्हा गेले ते बहुतेक शेतमजूर आणि अंगमेहनतीचे लोक. पुढे २००८ नंतर स्पेनमध्ये बांधकामाचा फुगा फुटला. २०१३ च्या सुरुवातीला काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या चौघांतला एक तरी रिकामा होता, पंचविशीच्या आतले तर निम्म्याहून जास्त. या खेपेला बॅगा भरल्या त्यांत इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि नर्सही होत्या. "आम्ही जात नाही, आम्हाला हाकलताहेत" असे फलक घेऊन तिथली मुलं रस्त्यावर उतरली होती. तुझा नवरा बेकार नाही, पण दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी रजेवर जगतो. माणूस अशानं आतून झिजतो गं. मी तरी त्याला थांबवणार नाही.

पण डोळे उघडे ठेवून जा म्हणावं. युरोपीय संघाच्या नियमानं त्याची पदवी तिथे चालेल. बी-टू पातळीचं, म्हणजे कामावर नीट बोलता-समजता येईल इतकं जर्मन मात्र बहुतेक ठिकाणी लागतंच. पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं ही कामं स्पेनमध्ये बहुतेक वेळा मदतनीस करतात. जर्मनीत ती बऱ्याचदा नर्सच्याच अंगावर पडतात, आणि पदवी घेऊन गेलेल्या कितीतरी स्पॅनिश नर्सना ते जड गेलंय. करारही नीट वाचा. मुदतीआधी नोकरी सोडली तर भाषेच्या वर्गाचा खर्च म्हणून हजारो युरो परत करण्याचं कलम काही ठिकाणी घातलेलं असतं. सही करण्याआधी एखाद्या कामगार संघटनेला दाखवलेलं बरं.

तुझं काय? युरोपीय नागरिकाची बायको म्हणून तुला तिथे राहायचा आणि नोकरी करायचा हक्क आहे. पण लगेच राजीनामा देऊ नकोस. आधी त्याला सहा महिने एकट्याला जाऊ दे. तू व्हॅलेन्सियातच संध्याकाळचा जर्मनचा वर्ग लाव. नाहीच जमलं, तर त्याला सरळ सांग, "मला जमत नाही." आईचं नाव मधे आणू नकोस.

आणि हो, सासूबाईंचे वडील परत आले होते का? ते तू लिहिलंच नाहीस. आज रात्री जेवताना विचार त्यांना.