शाळेच्या परराज्यातील आणि परदेशी सहलीसाठी एजन्सी कशी निवडावी, आणि आजारी विद्यार्थ्यांना वगळावे का?

तुम्ही विचारले आहे की नववीच्या साधारण ५० विद्यार्थ्यांची सहल यंदा दिल्ली-आग्र्याला आणि पुढील वर्षी दुबईला न्यायची आहे, त्यासाठी एजन्सी कशी निवडावी, दरडोई खर्च किती धरावा आणि ज्या मुलांना काही आजार आहे त्यांना जोखीम नको म्हणून आधीच वगळले तर चालेल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ओघात येतील. तिसऱ्याचे उत्तर आधी देतो. चालणार नाही. मी जळगाव जिल्ह्यातील तापीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवतो, गेली ११ वर्षे सहलप्रमुख आहे आणि याच एका प्रश्नावर आमच्या शिक्षकांच्या सभेत मी दोन वेळा एकटा पडलो आहे, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही ४२ विद्यार्थी आणि चार शिक्षक भुसावळहून दिल्ली-आग्र्याला निघालो. कापसाचे पैसे हाती आले की आमच्याकडचे पालक सहलीचा हप्ता भरतात, त्यामुळे सहल डिसेंबरातच निघते, आणि उत्तरेत धुके दाटते तेही नेमके त्याच दिवसांत. जाताना गाडी नऊ तास उशिरा पोहोचली. एजन्सीने आखलेल्या कार्यक्रमात अर्ध्या दिवसाचीही मोकळीक ठेवलेली नव्हती, म्हणून पहिल्या रात्रीची झोप गेली. ठरलेल्या जागा दाखवायच्याच म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मुलांना उठवले गेले. परतीच्या रात्री आग्रा कँट स्थानकावर आमची गाडी येता येता दोन वाजले. तोपर्यंत मुले फलाटावर सामानाला टेकून थंडीत बसली होती.

ग्वाल्हेर सोडून अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात दुसऱ्या डब्यातून एक मुलगा धावत आला. एका पीएनआरवर, म्हणजे एका आरक्षण क्रमांकावर, सहाच प्रवासी बसतात आणि एजन्सीने आठ पीएनआर वेगवेगळ्या दिवशी काढल्यामुळे आमची मुले तीन डब्यांत विखुरली होती. मी एस-३ मध्ये होतो आणि ती मुलगी एस-७ मध्ये होती. मी पोहोचलो तेव्हा तिला फिट आलेली होती, एक प्रवासी तिच्या दातांमध्ये चमचा घालण्याचा प्रयत्न करत होता आणि दुसरा तिच्या नाकाशी चप्पल धरून उभा होता. सोबतच्या मॅडम रडत होत्या. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांतच थांबली, परंतु मी घड्याळ पाहिले नाही, त्यामुळे हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

तिला आधीपासून हा त्रास आहे का, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. एजन्सीचा माणूस पुढच्या गटासाठी आग्र्यातच थांबला होता आणि त्याचा फोन बंद होता. तिकीट तपासनिसांनी नियंत्रण कक्षाला कळवले आणि झाशीला पहाटे रेल्वेचे डॉक्टर डब्यात आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की मुलीची कोणती गोळी चालू आहे. मी सहलप्रमुख होतो, तिच्या शेजारी उभा होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी तिच्या मैत्रिणीने बॅगेतील मोज्यांच्या जोडीत गुंडाळून ठेवलेली गोळ्यांची पट्टी काढून दिली. मैत्रिणींसमोर गोळी घेण्याचा संकोच वाटल्यामुळे तिने तीन रात्री गोळी घेतलीच नव्हती. गोळी चुकणे आणि जागरण होणे ही फिट येण्याची दोन नेहमीची कारणे आहेत, आणि आम्ही तिला दोन्ही घडवून दिली होती. डॉक्टरांनी तिला तपासले, ती पूर्ण शुद्धीवर आल्याची खात्री केली, औषध दिले आणि पुढे जाऊ दिले. भुसावळ येईपर्यंत मी तिच्या बर्थजवळून हललो नाही.

स्थानकावर तिची आई आली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मी ते कागदवर लिखेल व्हतं ना सर?"

तिने खरोखरच लिहिले होते. दोन दिवसांनी मी जळगावला एजन्सीच्या कार्यालयात जाऊन आमच्या अर्जांचा गठ्ठा परत आणला. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने आजाराच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिले होते, "फिटची गोळी रोज रात्री. जागरण झाले तर त्रास होतो." ते ४२ अर्ज मीच मुलांकडून गोळा केले होते आणि विम्यासाठी हवेत असे एजन्सीने सांगितल्यावर रबर लावून, न वाचता त्यांच्या हवाली केले होते. ही चूक माझी आहे. एजन्सीच्या माणसाने गाडीत असायला हवे होते हे खरे, पण अर्ज वाचणे हे त्याचे काम नव्हतेच.

माझा वाद याच्या पुढे सुरू होतो. नंतरच्या सभेत आमच्या मुख्याध्यापकांनी असा निष्कर्ष काढला की अशा विद्यार्थ्यांना नेऊच नये, आणि पुढील वर्षीच्या संमतीपत्रावर खाली ठळक ओळ छापून आली की गंभीर आजार असलेल्या विद्यार्थ्यांना सहलीत प्रवेश मिळणार नाही. सहलींतील दुर्घटनांचे दाखले त्यांनी दिले. मी तेच दाखले परत देतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, त्या नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. या तिन्ही ठिकाणी मुलांचे प्राण त्यांच्या आजाराने घेतले नाहीत. पाण्याची माहिती न घेणाऱ्या आणि वेळीच "नाही" न म्हणणाऱ्या मोठ्या माणसांमुळे ती गेली. मग शिक्षा गोळी घेणाऱ्या मुलीला का?

मुलींच्या बाबतीत तर हा नियम अधिकच घातक आहे. फिट येणाऱ्या मुलीचे लग्न जमणार नाही, ही भीती आमच्या भागात आजही घराघरात आहे. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला गेला, पण गावातील मनातून तो निघालेला नाही. अशा वातावरणात एका आईने शाळेवर विश्वास ठेवून ते कागदावर लिहिले, आणि आम्ही तिला उत्तर म्हणून ती ओळ छापली.

आता मी काय करतो ते सांगतो. अर्जाची मूळ प्रत शाळेत ठेवतो, आणि आजार, औषध, मात्रा, वेळ व पालकांचा फोन एवढ्यांचा एक कागद प्रत्येक डब्यातील किंवा बसमधील शिक्षकाच्या खिशात असतो. कोणताही विकार असलेल्या मुलाची अर्धी औषधे त्याच्याजवळ आणि अर्धी शिक्षकाजवळ राहतात. गोळीची वेळ झाली की मॅडम त्या मुलीला पाणी भरायला सोबत बोलावतात, म्हणजे कोणाला काही कळत नाही. फिट आली तर कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक चालली तर थेट रुग्णालय गाठावे. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी असाल, तर तुमच्या वर्गात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची, मुले असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांना थंडी, पाणी कमी पिणे आणि अति उंचीची ठिकाणे बाधतात, म्हणून दिल्लीच्या थंडीत त्यांना एक जास्तीचा स्वेटर आणि तासातासाला पाणी द्या. बसमध्ये शौचालय नाही म्हणून मुलांना पाणीच कमी पाजणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

एजन्सीबद्दल माझे मत असे की तिला तिकिटे, मुक्काम आणि वाहन एवढेच द्यावे. मुलांची नोंद, औषधे आणि वेळापत्रक शाळेने स्वतःकडे ठेवावे. तिचा माणूस घरापासून घरापर्यंत सोबत राहील का, हे लेखी घ्या. तिने आखलेला कार्यक्रम नीट वाचा, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि लाल किल्ला सोमवारी, आणि गाडी अर्धा दिवस उशिरा आली तर नेमका तोच वार समोर येतो. दोन शिक्षकांनी आधी जाऊन मुक्कामाची जागा पाहून यावी. संस्थाचालक या खर्चाला फुकटची सहल म्हणतात, तरी तो मागायला लाजू नका.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कारण तो हंगामावर आणि मुक्कामावर ठरतो, पण दोन ठिकाणी पैसे वाचतात. शैक्षणिक सहलीसाठी रेल्वे विद्यार्थ्यांना द्वितीय आणि स्लीपर श्रेणीत सर्वसाधारणपणे ५० टक्के सवलत देते, ती मुख्याध्यापकांच्या दाखल्यावर आरक्षण खिडकीवर मिळते आणि एजन्सी तिचा विषय स्वतःहून काढत नाही. ताजमहालात १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तरी आमच्या एजन्सीने सर्व ४२ जणांचे तिकीट हिशेबात धरले होते. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडते, पूर्वी १२० दिवस मिळत. त्यामुळे नावांची यादी दिवाळीपूर्वी पक्की करा आणि सर्व तिकिटे एकाच दिवशी एकाच डब्यात मागा.

परदेशाबद्दल माझे स्पष्ट मत आहे की पहिलीच सहल दुबईला नेऊ नये, नेपाळला न्यावी. तेथे भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेल्या ओळख प्रमाणपत्रावर जाता येते. १५ वर्षांखालील मुलांना वय आणि ओळख पटवणारे छायाचित्राचे कागदपत्र पुरते. शिक्षकांना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, केवळ आधार चालत नाही. दुबईच ठरली असेल तर पासपोर्टचे काम एक वर्ष आधी सुरू करा. अल्पवयीन मुलाच्या अर्जाला आईवडील दोघांची संमती लागते, आणि आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी जन्मतारीख, आधारवर दुसरी आणि वडिलांच्या नावापुढे कधी "सिंग" तर कधी काहीच नाही, असे प्रकार इतके आहेत की निम्मा वेळ नावे जुळवण्यात जातो. प्रवेशाच्या दिवसापासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी.

औषधांबाबत तर फारच काळजी घ्या. क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन यांसारखी फिटची औषधे अनेक देशांत नियंत्रित औषधांत मोडतात. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषध नेण्यासाठी तेथील सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते, त्यामुळे डॉक्टरांची औषधचिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह आणि मूळ वेष्टनातील गोळ्या हातातील बॅगेत ठेवा. त्याच देशात खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. डिंकाच्या लाडवांत खसखस घालून प्रेमाने डबा भरणाऱ्या आयांना हे आधी सभा घेऊन सांगा, केवळ सूचनापत्रात लिहून भागणार नाही. विम्याच्या बहुतेक पॉलिसी आधीपासूनच्या आजाराचा खर्च देत नाहीत, तेव्हा तो घोषित करून, त्याचे संरक्षण देणारी पॉलिसी मागून घ्या.

येथे एक गोष्ट उशिरा का होईना सांगितली पाहिजे. ज्या मुलाच्या फिट अजून आटोक्यात नाहीत किंवा ज्याच्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले आहे, त्याला नेऊ नका. आणि फिट येणाऱ्या मुलाला, गोळ्या नियमित असल्या तरी, पाण्यात उतरू देऊ नका. हा निर्णय त्या मुलाच्या डॉक्टरांचा आहे, मुख्याध्यापकांचा किंवा माझा नाही. सर्व एजन्सी सारख्या नसतात हेही मान्य करतो, गेल्या वर्षीचा आमचा माणूस शेवटच्या मुलाला घरी पोहोचवूनच झोपला.

आमच्या संमतीपत्रावरील ती ओळ अजून तशीच आहे. यंदा आमची सहल जानेवारीत हंपी आणि बदामीला निघते आहे. ५१ अर्ज आले आहेत आणि आजाराच्या रकान्यात ५१ वेळा "नाही" लिहिलेले आहे. त्यांतला एक मुलगा मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून इनहेलर घेतो, हे मी रोज पाहतो. दोन पावरा आदिवासी मुलांचे सिकलसेलचे कार्ड मागच्या वर्षी आरोग्य तपासणीत माझ्याच हातात आले होते. डिसेंबर २०२२ मध्ये मी न वाचलेल्या गठ्ठ्यात निदान खरे तरी लिहिलेले होते. पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर मी हे ५१ अर्ज घेऊन घरोघरी जाणार आहे, आणि त्या ओळीवर काट मारूनच आयांना पुन्हा विचारणार आहे.